गावच्या शिळेवर आकडा आहे, नावं नाहीत

भातखाचर (धागाकर्ता)

शिमग्याला गावी गेलो होतो. पालखी आमच्या वाडीत यायला दोन तास होते म्हणून जुन्या चावडीच्या ओट्यावर टेकलो. चावडीचं आता गोदाम झालंय, आत ब्लीचिंग पावडरची पोती आणि मोडक्या खुर्च्या. दाराच्या डाव्या अंगाला भिंतीत एक शिळा आहे हे लहानपणापासून माहीत होतं, पण रंगारी दरवर्षी भिंतीबरोबर तिच्यावरही चुना फासतो, त्यामुळे ती वाचायचा कधी प्रश्नच आला नाही. यंदा पुतण्याला म्हटलं, नारळाची शेंडी आण. अर्धा तास घासलं. मग त्यानेच डोकं चालवलं, खडू कुटून अक्षरांत भरला आणि वरून तळहात फिरवला. इंग्रजी अक्षरं उमटली. मजकूर एवढाच की १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून ४१ माणसं गेली, पैकी ६ जणांनी प्राण दिले.

पुढे काही नाही. मी खालचा भागही घासून पाहिला, म्हटलं नावं असतील. नुसता दगड.

तेव्हा गावात घरं किती असतील, शंभर-सव्वाशे. म्हणजे दर तिसऱ्या घरातला एक. वाडीत विचारत फिरलो तर दोन-तीन घरांत 'आमचा कुणीतरी बसऱ्याला गेलेला' एवढं ठाऊक होतं. बसरा कुठे, कशाला गेला, परत आला का, काही नाही.

परत आल्यावर महिनाभर वाचत होतो. जमेल तसं मांडतो, चुकलं तर सांगा.

मराठा पलटणींपैकी तीन, १०३, ११० आणि ११७, या सहाव्या म्हणजे पूना डिव्हिजनमध्ये होत्या. तुर्कस्तान युद्धात उतरल्यावर नोव्हेंबर १९१४ मध्ये ही डिव्हिजन बसऱ्याला, म्हणजे आजच्या इराकात, उतरवली. मुख्य कारण शेजारच्या इराणातल्या अबादानचं तेल. बसरा हातात आल्यावर थांबले असते तर निभावलं असतं. पण तैग्रिस नदीच्या काठाकाठाने वर सरकत गेले, अमारा घेतलं, कूत घेतलं, आणि साहेबाला बगदाद दिसायला लागलं. बगदादच्या अलीकडे सलमान पाकला, इंग्रजी कागदांत टेसिफॉन, २२ नोव्हेंबर १९१५ ला गाठ पडली. साडेचार हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली. जखमींना नदीपर्यंत आणायला होत्या त्या बिनस्प्रिंगच्या खेचरगाड्या. मांडीचं हाड मोडलेला माणूस तसल्या गाडीतून मैलोन् मैल. या वैद्यकीय अनागोंदीची पुढे विलायतेत चौकशी झाली, तिचा अहवाल आला १९१७ मध्ये. तोवर काय व्हायचं ते होऊन गेलं होतं.

डिव्हिजनचा सेनापती जनरल टाउनशेंड उरलेली फौज घेऊन मागे कूतला आला. कूत म्हणजे तैग्रिसच्या वळणात अडकलेलं गाव, तीन बाजूंनी पाणी. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला तो २९ एप्रिल १९१६ पर्यंत. सोडवायला खालून फौजा येत राहिल्या, हन्ना, दुजैला, सन्नैयत अशा लढाया झाल्या आणि आतल्यांना सोडवता सोडवता बाहेरची सुमारे तेवीस हजार माणसं कामी आली किंवा जायबंदी झाली. आत अडकले होते त्याच्या जवळजवळ दुप्पट.

मला सगळ्यात लागलं ते जेवणाचं. रसद संपत आली तशी घोडी-खेचरं कापायला सुरुवात झाली. गोऱ्यांनी खाल्लं. आपल्या शिपायांनी नाकारलं. मराठा शिपाई शाकाहारी नव्हता हो, बोकड-कोंबडी चालायची, पण घोडं? गावी जाऊन सांगायचं काय, जातीत घेतील का, पोरीचं लग्न होईल का, ही भीती. टाउनशेंडने हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवली, ती बिनतारी संदेशाने आली, तरी बहुतेक हटले नाहीत. एप्रिलमध्ये पोट पाठीला लागलं तेव्हा कुठे बरेचसे खायला लागले.

आणि यात एक विचित्र गोष्ट झाली. गोऱ्यांचा पाव मैद्याचा, त्यांना बेरीबेरी झाला (कोंड्यातलं ब जीवनसत्त्व न मिळाल्याने होणारा रोग). आपल्या लोकांच्या वाट्याला जाडंभरडं पीठ, कोंड्यासकट, त्यामुळे बेरीबेरी जवळपास नाही. पण ताजं मांस नाही, भाजी नाही, म्हणून स्कर्व्ही. हिरड्या सुजून दात हलायला लागले. लोक खंदकाबाहेरच्या रानातली पानं खुडून भाजी करायचे, त्यातली काही विषारी निघाली. एकाच वेढ्यात, एकाच गावात, कोण कुठल्या रोगाने झिजणार ते ताटावर ठरत होतं.

शेवटी दिवसाचं पीठ चार औंसांवर आलं, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आत. विमानातून पोती टाकली, वेढ्यातल्या फौजेला हवेतून रसद पोचवायचा तो जगातला पहिलाच मोठा प्रयत्न म्हणतात. काही पोती नदीत पडली, काही तुर्कांच्या खंदकात. तुर्कांना वीस लाख पौंड देऊ करून पाहिले, ते बधले नाहीत. मग शरणागती, सुमारे तेरा हजार माणसं. त्यांना उन्हाळ्यात वाळवंटातून चालवत बगदाद, मोसूल करत रास अल-ऐनकडे नेलं आणि बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. पायात धड काही नाही, प्यायला पाणी नाही. टाउनशेंडसाहेब मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिले, हिंडायफिरायची मोकळीक होती.

तर आमचे सहा जण यातले असतील का? की दुसरीकडचे? नावच नाही तर शोधायचं कसं? कुणी असा शोध घेतलाय का?

ताकभात

वाचून सुन्न. आमच्याकडे 'काय बसऱ्याला निघालास का' असं म्हणतात, म्हणजे लांब जातोयस का. आज कळलं ते कुठून आलं असावं.

सरळसोट

लेखन चांगलं आहे, पण एक विचारतो, रागावू नका. इंग्रजाच्या तेलासाठी, इंग्रजाच्या पगारावर, ज्यांच्याशी आपलं काही वाकडं नव्हतं अशा लोकांवर बंदुका चालवायला गेलेली ही माणसं. वाईट वाटतं, पण गौरव कशाचा? सरळ शब्द भाडोत्री असा आहे.

माजी_पलटणवाला

सरळसोट, शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता. भाडंच म्हणायचं तर फार स्वस्तात गेले. मी स्वतः मराठा लाइट इन्फंट्रीत बावीस वर्षं काढली. नवीन रंगरूट येतो तेव्हा त्याला तेलाचं राजकारण कुणी सांगत नाही, तेव्हाही सांगितलं नसणार. त्याला दिसतो तो शेजारचा भाऊ आणि पुढचा हवालदार.

बाकी धागाकर्त्याने फक्त हार लिहिली म्हणून भर घालतो. ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस, तुर्कांशी चाललेलं युद्ध संपायच्या बेतात असताना, शरकत इथे ११४ मराठा पलटणीने असा काही मुकाबला केला की एका लढाईत २८ शौर्यपदकं मिळाली. १०३ ची आज पहिली बटालियन आहे, जंगी पलटण. ११७ ला १९२१ मध्ये 'रॉयल' किताब मिळाला. आणि एक विसरू नका, या पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या. समोर तुर्कांचा खलिफा असताना ते लढले. त्यांच्या मनात काय चाललं असेल याचा विचार मी नोकरीत असतानाही करायचो.

भातखाचर

@सरळसोट, मी गौरव केलेला नाही, परत वाचा. मला फक्त सहा नावं हवी आहेत.

सरळसोट

वाचलं. ठीक. पण त्या काळी लोकांना कळत नव्हतं असं नाही एवढंच माझं म्हणणं. १० जून १९१८ ला मुंबईच्या युद्धपरिषदेत टिळक बोलायला उठले, भरतीबरोबर स्वराज्याचाही विषय काढला, तर गव्हर्नर विलिंग्डनने मधेच तोडलं. टिळक व्यासपीठावरून उतरून निघून गेले. माणसं द्या पण त्याबदल्यात काय देणार ते विचारू नका, असा तो व्यवहार होता.

चैत्रपालवी

याच महिन्याचं अजून एक. जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलिस शिपाई तापाने इस्पितळात गेले. फौजेच्या बोटींची सतत ये-जा चालू होती, त्यांतूनच तो आला असं तेव्हाच बोललं जात होतं. आपल्याकडे त्याला मानमोडी म्हणायचे. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत एका दिवसात ७६८ माणसं गेली. देशभरात एक कोटीच्या वर. युद्धात मेलेले हिंदी सैनिक सुमारे ७४ हजार धरतात, म्हणजे बोटीतून परत आलेल्या तापाने बोटीतून गेलेल्यांच्या शंभरपटीहून जास्त माणसं नेली. माझी पणजी मानमोडीत सगळं माहेर गमावून एकटी उरलेली. तिच्यासाठी महायुद्ध म्हणजे तेच. तुमच्या गावच्या शिळेवर ते ६ कोरले, मानमोडीतले कुणी मोजलेसुद्धा नसतील.

निळी_पहाट

भातखाचर, साधा प्रश्न. त्या ४१ मध्ये खालच्या वाडीतले धरलेत का? विचारलंत का तिकडे?

विचारतोय कारण महारांची भरती इंग्रजांनी १८९० च्या दशकात बंद करून टाकली होती. पिढ्यान् पिढ्या पलटणीत असलेली घरं एका फटक्यात बाहेर. दापोलीत तर अशा पेन्शनर लष्करी लोकांची वस्तीच होती, तिथूनच गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. मग युद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा आठवण झाली, १९१७ मध्ये १११ महार पलटण उभी केली. युद्ध संपलं, १९२१ मध्ये मोडली. परत दुसरं महायुद्ध आलं, परत आठवण, १९४१ मध्ये महार रेजिमेंट. गरज सरो आणि वैद्य मरो, तेही दोनदा.

भातखाचर

@निळी_पहाट, नाही विचारलं. सुचलंच नाही, खरं सांगतो. गणपतीत जाईन तेव्हा पहिल्यांदा तिकडे जाईन.

झुंबर

आमच्या सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे घ्या. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण कामी आले, इंग्रजांनी स्तंभ उभारून दिला. गावाला आज सगळे 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. तिथे स्मृती टिकली कारण पुढेही दर पिढीला घरटी माणूस फौजेत जात राहिला. ज्या गावांनी पुढे मुंबईच्या गिरण्या धरल्या तिथे शिळेवर चुना बसला.

वहीवाला

धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नावर येतो. मी हा उद्योग पाचेक वर्षं करतोय, माझ्या घरासाठी आणि आता इतरांसाठीही.

आधी वाईट बातमी. अमारात नदीच्या डाव्या काठावर हिंदी सैनिकांची दफनभूमी आहे. तिथे सुमारे पाच हजार जण आहेत. त्यांतल्या नऊ जणांची नावं माहीत आहेत. नऊशे नव्हे, नऊ. नोंदच ठेवली नाही.

बसऱ्याला मोठं स्मारक आहे, १९२९ मध्ये उभारलं, मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) मेलेल्या आणि थडगं नसलेल्या चाळीस हजारांवर माणसांसाठी. त्यावर गोऱ्या सोजिराचं नाव आहे. हिंदी अंमलदाराचं आहे. साध्या हिंदी शिपायाचं नाही. पलटणीचं नाव आणि पुढे 'इतर इतके हिंदी सैनिक' असा आकडा. म्हणजे तुमच्या चावडीवर जे केलं तेच तिथे मोठ्या स्मारकावर केलं. युद्धस्मारकांचं काम बघणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ मध्ये अहवाल काढून हा भेदभाव कबूल केला. शंभर वर्षांनी. ते स्मारकही मूळ जागी नाही, सद्दामने १९९७ मध्ये उचलून शहराबाहेर ३२ किलोमीटरवर वाळवंटात नेऊन ठेवलं.

दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांवर नावं आहेत, पण ती सगळ्यांची नव्हेत. पंजाबवाल्यांचं नशीब जरा बरं. लाहोरच्या संग्रहालयात तिथल्या गावोगावच्या शिपायांच्या नोंदवह्या पडून होत्या, सुमारे ३ लाख २० हजार माणसं, त्या आता संगणकावर चढवायला घेतल्यात.

आता बरी बातमी. दगडावर नसली तरी कमिशनच्या संकेतस्थळावर बसरा स्मारकाखाली हिंदी शिपायांची नावं शोधता येतात. काहींपुढे बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हाही दिलाय. पण गाव आजच्या स्पेलिंगने शोधू नका. जाधवच्या शेवटी 'व्ही' नसून 'ओ' सापडेल, पवारचं पोवार झालेलं असेल. गोरा कारकून कानाला आलं तसं लिहायचा. मी माझ्या गावाची सात स्पेलिंगं करून पाहिली, पाचवी लागली. तेव्हाचा जिल्हा धरा. आजचं रायगड तेव्हा कुलाबा, सिंधुदुर्ग रत्नागिरीत.

रेल्वेफाटक

वाचनखूण साठवली. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

ओलिव्हची_फांदी

दुसऱ्या महायुद्धातलं एक उदाहरण देते, कारण तिथे चित्र जरा वेगळं दिसतं. गेली काही वर्षं इटलीत राहते. पेरुजियाच्या उत्तरेला मोंतोने नावाचं टेकडीवरचं टुमदार गाव आहे. तिथे २०२३ मध्ये नाईक यशवंत घाडगे यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ बसवलंय. घाडगे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, वय २२. १० जुलै १९४४ ला त्यांच्या तुकडीवर मशीनगन आली, ते सोडून सगळे पडले किंवा जखमी झाले. ते एकटे धावत गेले, बॉम्ब टाकला, एकाला गोळी घातली, काडतुसं बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठोकलं आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळीला बळी पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. थडगं नाही, कासिनोच्या स्मारकावर नाव आहे.

मी गेले तेव्हा तिथल्या एका आजोबांना म्हटलं, हा आमच्याकडचा. ते म्हणाले, ठाऊक आहे, आणि 'गाडगे' असं उच्चारून दाखवलं. मला एकदम भरून आलं, का ते सांगता येणार नाही.

माजी_पलटणवाला

@ओलिव्हची_फांदी, माणगावला त्यांचा पुतळा आहे, मुंबई-गोवा रस्त्याने जाताना थांबा. दुसरे आमचे व्हिक्टोरिया क्रॉसवाले नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले, ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. ते जिवंत परतले, १९८४ पर्यंत होते.

माणदेशी

बरेच दिवस नुसता वाचतोय, आज लिहितो. वहीवाला, मदत हवी आहे.

आमच्याकडे एक तबकडी आहे. जाड, काळपट, कांशाची म्हणा, तळहाताएवढी. त्यावर एक बाई उभी आहे, हातात त्रिशूळ, पायाशी सिंह. आमच्या म्हाताऱ्या माणसांनी तिला देवीच धरलं होतं. आजीच्या वेळी ती पाण्याच्या कळशीवर झाकण म्हणून असायची आणि नवरात्रात नऊ दिवस देव्हाऱ्यात. उजव्या अंगाला चौकटीत उठावाची इंग्रजी अक्षरं आहेत, ते पणजोबांचं नाव. बाकी कडेने इंग्रजी ओळ. पणजोबा बसऱ्याला गेले ते आले नाहीत, एवढंच घरात माहीत.

वहीवाला

@माणदेशी, जपून ठेवा, घासू नका. युद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी ती पाठवली होती, साम्राज्यभर तेरा लाखांच्या वर. बाई म्हणजे ब्रिटानिया, ब्रिटन देशाचं स्त्रीरूप. ओळीचा अर्थ, हा स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. (स्वातंत्र्य कुणाचं ते सरळसोट सांगतील.) नाव आहे ना, मग संकेतस्थळावर टाका.

माणदेशी

टाकलं. रात्री दीडपर्यंत बसलो होतो. त्याच नावा-आडनावाचे तिघे निघाले. एक १०३ चा, दोघे ११७ चे. एकाचं मरण सलमान पाकच्या तारखांचं, एकाचं कूत पडल्यानंतरचं, म्हणजे कैदेतलं, तिसरा १९१७ चा. तिघांच्याही पुढे गाव नाही, बापाचं नाव नाही. तबकडीवर पलटण नाही, नंबर नाही, हुद्दाही नाही.

वहीवाला

हुद्दा मुद्दामच घातला नव्हता, मेल्यावर सगळे सारखे म्हणून. चांगला विचार होता, पण आपल्याला तोच आडवा येतो. हरकत नाही, दुसरा रस्ता आहे. तबकडीखेरीज पदकं मिळायची. त्यांतलं एक चांदीचं, एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. त्याच्या कडेवर, नाण्याला जिथे दाते असतात तिथे, नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. ते घरात असेल तर पाच मिनिटांत निकाल लागेल. नंबर कळवा फक्त.

भातखाचर

@माणदेशी, शोधा शोधा. ट्रंका, देव्हाऱ्याचा मागचा कप्पा, सगळं बघा.

माणदेशी

वडिलांना फोन केला. होता म्हणाले, चांदीचा बिल्ला, घोडेवाला. बहात्तरच्या दुष्काळात मोडला. वडील आणि आजी दोघं खडी फोडायला जायचे, हजेरीचे पैसे पंधरा-पंधरा दिवस मिळायचे नाहीत. आजीने तालुक्याला सोनाराकडे नेऊन दिला. त्या पैशांची ज्वारी आणली, किती ते त्यांना आठवत नाही, पण लाल मिलो नव्हती, शाळू होता, हे पक्कं आठवतंय.

वहीवाला

अरेरे. कडेवरचं काही कुणी वाचलेलं, कुठे लिहून ठेवलेलं? एखादा आकडा तरी?

माणदेशी

थोरल्या आत्याला विचारलं. दर दसऱ्याला तो बिल्ला चिंचेने घासायचं काम तिचं असायचं. ती म्हणाली, कडेला बारीक अक्षरं होती, घासताना बोटाला लागायची. काय होती ते तिला कुठून कळणार, तिला शाळेत घातलंच नव्हतं.